किराळ

भागवतनं धुरा वखरून त्यावर कडवळ पेरलं, त्या दिवसापासून शेषरावच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. धुरा असतो तरी केवढा? दोन वावरांच्या मधली हातभर रुंदीची गवताची पट्टी. पण त्या पट्टीपायी गावोगाव डोकी फुटली आहेत, आणि फोडणारे बहुतेक सख्खेच असतात. शेषराव थोरला, भागवत धाकटा. बाप होता तोवर दोघं एका ताटात जेवले. बाप गेला, वाटणी झाली, आणि एकमेकांचं नाव निघालं की दोघं थुंकायला लागले. भागवतकडे दोन म्हशी. त्यांना हिरवा चारा हवा म्हणून त्यानं धुऱ्यावर दाट ज्वारी टाकली. ओल होती तोवर ती कडवळाची ज्वारी गुडघ्याला लागली, आणि मग पावसानं दडी मारली.

या सगळ्यात शेषरावच्या लेकीचं, प्रेरणाचं, घोडं भलत्याच जागी अडलं होतं. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे खूळ काही आजचं नाही. चौथीत असताना गाय अडली तेव्हा हिनं बापाच्या आधी बाह्या वर केल्या होत्या. पण बारावीनं घात केला. बायोलॉजीत चांगले मार्क, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीत काठावर पास. तिन्हींची बेरीज व्हेटर्नरीच्या पात्रतेला हवी तेवढी भरेना. नीटमध्येही बायोलॉजीनंच कसंबसं तारलं होतं. पिंपळगाव राजाच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर अश्वजित तिला ओळखून होते. ते म्हणाले होते, "जुलैत पुरवणी परीक्षेला परत बस. केमिस्ट्री थोडी वर आण. अर्जाचं बाकी मी पाहतो. पण यंदा राहिलं तर घरचे तुला थांबू देणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे."

माहीत कसं नसेल! एक स्थळ येऊनही गेलं होतं.

म्हणून ती भाकरीच्या पिशवीत केमिस्ट्रीचं पुस्तक घालून वावरात यायची. सकाळभर मायसोबत कपाशीत निंदण करायची, दुपारी निंबाखाली पुस्तक उघडायची. वाक्य संपेपर्यंत डोळे मिटायचे. हाताला निंदणाची हिरवी काळपट घाण, ती पानांना लागायची.

त्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. आषाढ लागला होता आणि आभाळात ढगाचा एक फडका नव्हता. कपाशीच्या दोन तासांमधून राजकुमार, तिचा थोरला भाऊ, तण मोडायला डवरा हाकत होता. बैल पाखऱ्या आणि चांद्या. पाखऱ्या हा घरचाच गोऱ्हा. प्रेरणानं त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं, तिच्या आवाजावर तो अजून कान टवकारायचा. माती कडक झालेली, डवरा वर उडायचा, राजकुमार शिव्या देत रुमण्याच्या दांड्यावर अंग टाकायचा आणि हातातल्या तुतारीच्या काठीची लोखंडी आर बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसायचा. पाखऱ्याच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ठिपके आणि त्यावर माश्या.

"दादा, टोचू नको ना त्याले," प्रेरणा दोनदा म्हणाली.

"तू इकडे शिकवायले येऊ नको बे. तुहं निंद."

दुपारी बैल सोडले. नेहमी ते निंबाला बांधायचे आणि पुढ्यात कुटाराचा भुसा टाकायचे. पण राजकुमारनं दोघांच्या नाकातल्या येसणी धरल्या आणि सरळ धुऱ्याकडे निघाला. भागवतच्या कडवळाकडे. प्रेरणा पुस्तक टाकून उठली. उन्हानं त्या ज्वारीनं माना टाकल्या होत्या, पानं गुंडाळली होती.

"दादा, तिथं नको सोडू."

"काऊन?"

"सुकून राह्यली ते. कोवळी ज्वारी अशी पाण्याविना राह्यली का तिच्यात इख तयार होते. सायनाइड. बहुतेक."

"बहुतेक!" राजकुमार थांबून हसला. स्वतः तो दहावीत दोनदा आपटला होता, पण बहिणीचे मार्क त्याला तोंडपाठ. "केमिस्ट्रीत किती भेटले तुले? पस्तीस. अन् मले सायनाइड शिकवून राह्यली. बाबा, आइकलं का?"

शेषराव निंबाखाली तंबाखू मळत होता. "चारू दे," तो म्हणाला. "आपल्या धुऱ्यावरचं हाय. त्याच्या बापाचं नाई."

बाप तर दोघांचा एकच होता. पण अशा वेळी हे कोणाच्या डोक्यात येतं?

प्रेरणानं पुढं होऊन चांद्याची येसण धरली. राजकुमारनं ओढली, तिनं सोडली नाही. "याले तरी राहू दे," ती म्हणाली. तो वैतागला, चांद्या तिच्या हातात टाकून पाखऱ्याला घेऊन गेला. पाखऱ्या भुकेला होता. कडवळात तोंड घातलं आणि कचाकचा ओढायला लागला. राजकुमार त्याच्या पाठीवर थाप मारत मोठमोठ्यानं म्हणत होता, "खाय बेटा, काकाचा माल हाय, पोटभर खाय!" आवाज पलीकडच्या विहिरीपर्यंत जावा म्हणूनच तो ओरडत होता.

माणसांच्या भाकरी खाऊन व्हायच्या होत्या. पाखऱ्यानं मान वर केली आणि तोंड उघडंच ठेवून श्वास ओढायला लागला. तोंडातून फेस आला. मागचे पाय फाकले, थरथरले, आणि एवढं मोठं जनावर कुशीवर धाडकन आदळलं. पाय झाडत होता, खुरांनी माती उडत होती. डोळे पांढरे झाले. प्रेरणानं चांद्याला निंबाला गुंडाळलं आणि धावली. पाखऱ्याचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या लालभडक. तिनं डॉक्टरांना फोन लावला. "सायेब, पाखऱ्यानं कडवळ खाल्लं. हिरड्या लाल हायेत. श्वास नाई घेता येऊन राह्यला." ते म्हणाले, "निघालो. दुसरा बैल दूर ठेव." डॉक्टर पिंपळगावातून गाडी काढेपर्यंतही पाखऱ्या थांबला नाही. एकदा घशातून घर्र असा आवाज आला, शेपूट मातीत आपटली, आणि संपलं.

माय, शालूबाई, तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. राजकुमार बैलाच्या डोक्याशी उकिडवा बसला होता. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. ज्या हातानं चारलं तो हात अजून पाखऱ्याच्या मानेवर होता. त्या वेळी त्याच्याकडे पाहून प्रेरणाला त्याचीच कीव आली.

तेवढ्यात शेषराव आला. बैलाचा ओठ त्यानंही वर करून पाहिला. कडवळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "औषध मारलं. भागवत्यानं मुद्दाम औषध मारून ठेवलं."

"बाबा, औषध नाई ते," प्रेरणा म्हणाली. "मले वाटते..."

"काय वाटते तुले?" राजकुमार उठून उभा राहिला. त्याला आता बोट दाखवायला माणूस मिळाला होता. चेहरा क्षणात बदलला. "सांग ना, काय वाटते?"

तिच्या जिभेवर सगळं होतं. पण पस्तीस हा आकडा त्याच्याही डोळ्यात होता आणि तिच्याही. पुस्तकात एक ओळ वाचली होती, डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं होतं. तेवढ्यावर बापाला खोटं पाडायचं? "नाई, बहुतेक..." एवढंच आलं तोंडातून. चांद्या निंबाशी उधळला होता, ती त्याची येसण धरायला वळली.

विहिरीकडून भागवत धावत आला. हातात पाण्याचा डबा. आरडाओरडा ऐकून आला होता बिचारा. धुऱ्याशी येऊन म्हणाला, "काय झालं रे पाखऱ्याले?" भांडणाचा सूर नव्हता त्यात. पाखऱ्या जन्मला तेव्हा वाटणी व्हायची होती, खुर सोलायला हाच बसला होता.

राजकुमारनं डवऱ्याचं रुमणं उपसलं आणि पहिला तडाखा खांद्यावर दिला. डबा उडाला. दुसऱ्याला भागवतनं हात आडवा केला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "अरे, आइक तं खरं," भागवत ओरडत होता, "मी काय केलं?" तिसरा कानशिलावर बसला. तो कडवळातच पडला. भागवतची बायको मंजुळाबाई आणि पोरगी काजल भाकर घेऊन आल्या होत्या, त्यांनी टोपलं टाकून धाव घेतली. मंजुळाबाई राजकुमारच्या पाठीवर चढली. शालूबाई आत्तापर्यंत रडत होती, तिनं ते रडणं सोडलं आणि जावेच्या झिंज्या धरून तिला खाली ओढलं. दोघी ढेकळांत लोळल्या. मंजुळाबाईचा ओठ फाटला. तिच्या दातांत शालूबाईच्या लुगड्याची चिंधी आली.

रुमणं मोडलं. राजकुमारनं निंबाच्या खोडातली कुऱ्हाड काढली.

"बाबा, अडवा त्याले!" प्रेरणा किंचाळली.

शेषराव जागचा हलला नाही. "हाण," तो म्हणाला. "एकदाचा धुरा पक्का होऊ दे."

कुऱ्हाड भागवतच्या मोडक्या हातावर पडली, मनगटाच्या वर. पुन्हा पडली. रक्त कडवळाच्या सुकल्या पानांवर उडालं. काजल बापाच्या अंगावर पालथी पडली, तेव्हा कुठं राजकुमारचा हात थांबला. काजलनं मान वर करून पाहिलं. समोर निंबाखाली प्रेरणा चांद्याची येसण दोन्ही हातांनी धरून उभी होती.

डॉक्टर आले ते बैलासाठी, आणि बांधत बसले माणसाचा हात. टॉवेलनं दंड आवळला, एका गाडीत घालून भागवतला खामगावला पाठवलं. संध्याकाळी पोलीस राजकुमारला घेऊन गेले. जाताना तो एवढंच म्हणाला, "पाखऱ्याले माती द्या नीट."

सकाळी जमादार पंचनाम्याला येणार होता. शेषरावनं अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि लेकीला अंगणात बाजेवर जवळ बसवलं. इतक्या मऊ आवाजात तो तिच्याशी लहानपणी बोलला असेल तेवढाच.

"प्रेरणे, तुले गुरांची डाक्टर व्हायचं हाय ना?"

तिनं नुसती मान हलवली.

"मी सोता येतो तुह्यासंग नागपूरले. कालेजात सोडून देतो. स्थळ मी काल्हच परत धाडलं असं समज. जमादार इचारन तं एवढंच सांगजो, काकाले कडवळावर फवारा मारतानी पाह्यलं. तू सायन्सवाली, तुह्या शब्दाले वजन हाय. तुह्या भावाचं आयुष्य वाचन."

काल पस्तीस मार्कांची होती, आज सायन्सवाली झाली! प्रेरणाला हसू यायचं तेवढं राहिलं.

"बाबा, सुकलेल्या ज्वारीचं इख होतं ते. डॉक्टरसायेबाले इचारा पाह्यजे तं."

"मले शिकवते?" शेषराव चिडला आणि बोलून गेला. "किराळ म्हणतात त्याले. तुह्या आज्याच्या दोन गायी माह्या डोयादेखत किराळीनं गेल्या. तवा तुमचं सोयाबीन नव्हतं, गावभर ज्वारीच होती."

प्रेरणा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. अंगणात शालूबाई भांडी घासत होती, तिचाही हात थांबला.

"म्हणजे काल तुमाले समजलं होतं?"

"चारतानी नाई आलं ध्यानात. पडल्यावर हिरड्या पाह्यल्या, तवा समजलं."

"मंग औषध काऊन म्हटलं?"

शेषरावनं तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. "बैल तं गेलाच होता," तो म्हणाला. "फुकट काऊन जाऊ देऊ?"

आपण काल 'बहुतेक' म्हणत होतो, आणि ज्याला पक्कं ठाऊक होतं तो 'हाण' म्हणत होता. राग तिला बापाचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

वावरात पाखऱ्या फुगून पडला होता. डॉक्टर अश्वजितनं पोट फाडलं. कडवळाचा गोळा बाहेर आला, कडू वास पसरला, बघे नाकाला रुमाल लावून मागं सरले. "नमुना तपासायला जाईल," डॉक्टर म्हणाले, "पण मला हे कडवळच वाटतं." जमादारानं विचारलं, "बैलाजवळ कोण होतं?" शेषरावनं लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं केलं. तो हात तिला नीट जाणवत होता.

"मी होतो," प्रेरणा म्हणाली. "दादानं सोता बैल कडवळात सोडला. मी नको म्हटलं होतं. किराळ लागली पाखऱ्याले. काकानं काई मारलं नाई. काका पाण्याचा डबा घेऊन आले होते, त्यायच्या हातात दुसरं काई नव्हतं."

पाठीवरचा हात निघून गेला.

घरी आल्या आल्या शेषरावनं दार लावलं. कोपऱ्यातली तुतारी घेतली, तिची आरेकडची बाजू हातात धरली आणि जाड बुंधा पुढं केला. "कोणत्या हातानं लिहते तू?" त्यानं विचारलं. प्रेरणाचा उजवा हात आपोआप पाठीमागं गेला. तेवढं त्याला पुरलं. त्यानं तो हात ओढून उंबरठ्यावर धरला आणि पायानं दाबला.

"अवो, लेक हाय ते!" शालूबाई मधे पडली. त्यानं तिला लाथेनं चुलीवर ढकललं. पहिला तडाखा बोटांवर बसला, दुसरा मनगटावर, आणि तिसऱ्याला प्रेरणाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. शेजारचे दारापर्यंत आले आणि बाहेरच उभे राहिले.

"दे आता पेपर," शेषराव म्हणाला आणि तुतारी जागेवर ठेवून बाहेर गेला.

शालूबाईच्या दंडावर भाजल्याचा फोड उठला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीचा हात फडक्यात गुंडाळला, पिशवीत दोन लुगडी, केमिस्ट्रीचं पुस्तक आणि परीक्षेचं ओळखपत्र कोंबलं, चुलीत पाणी ओतलं आणि काळीपिवळीत बसून खामगाव गाठलं. आयुष्यभर नवऱ्याच्या पुढं न बोललेली बाई, ती त्या दिवशीही बोलली नाही. नुसती निघाली.

दवाखान्यात भागवत एका खाटेवर होता. त्याचा हात कोपराखालून कापावा लागला होता. प्लास्टर ओलं असतानाच प्रेरणा त्याच्या वॉर्डाच्या दाराशी गेली, पण आत पाय टाकवेना. बाहेर ओसरीत मंजुळाबाई बसली होती, ओठावर टाका. शालूबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मार मले." मंजुळाबाईनं मान फिरवली. बऱ्याच वेळानं नुसती थोडी बाजूला सरकली, आणि शालूबाई त्या रिकाम्या जागेत टेकली. दोघी तशाच बसल्या.

प्रेरणा जिन्यात रडत होती. परीक्षा तोंडावर आली होती, उजवा हात कोपरापर्यंत चुन्यात. सगळं मातीत गेलं होतं. काजल औषधांची चिठ्ठी घेऊन खाली उतरत होती, ती दोन पायऱ्या पुढं जाऊन थांबली.

"हात मोडला असला का लेखनिक देतात ना?"

"देतात. खालच्या वर्गाचा लागते. आता कोठून आणू?"

"मी अकरावीत आहो. आर्ट्सले. चालते का?"

प्रेरणाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू काऊन करशीन माह्यासाठी?"

"तू जमादारासमोर खरं बोलली, म्हणून माह्या बाबावर इखाची केस नाई झाली," काजल म्हणाली. "तेवढ्यासाठी. गोडीगुलाबीनं नाई." आणि ती औषधं आणायला गेली.

डॉक्टर अश्वजितनं अर्ज, दाखला, सही-शिक्क्याचं पाहिलं. परीक्षेच्या दिवशी त्या दोघींना इतरांपासून वेगळ्या, कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं. पर्यवेक्षक बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. बाकावर काजल, बाजूला प्रेरणा, मधे प्लास्टरचा हात. दोघींच्या मायांनी सकाळी एकाच डब्यात पोळ्या भरून दिल्या होत्या, आणि वाटेत प्रेरणा आणि काजल एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

पेपर मिळायचा होता. काजलनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. वर न बघता म्हणाली, "एक इचारू?"

"इचार."

"तुले माहीत होतं ना? कडवळाचं. तुहा भाऊ बाबाले मारत होता तेव्हा तुले माहीत होतं."

"हाव."

"मंग चांद्याची येसण सोडून तू आडवी काऊन नाई झाली? वरडून काऊन नाई सांगितलं?"

प्रेरणाच्या मोडक्या हातात ठणका उठला आणि थेट खांद्यापर्यंत गेला. खोटं सांगायला जागा नव्हती, आणि आता सांगायचंही नव्हतं.

"मले वाटलं मले काय समजते," ती म्हणाली. "काठावर पास झालेली मी. मी म्हटलं, चुकलं तं? सगळे हसतीन. म्हणून हळू बोललो. अन् तुह्या बाबाचा हात गेला, काजल. माह्या हळू बोलण्यानं गेला."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला उजवा हात उठला आणि प्लास्टर गालाला खरखरीत लागलं. काजलनं ते पाहिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि प्रेरणानंही मागितलं नाही.

घंटा झाली. बाईंनी प्रश्नपत्रिका बाकावर ठेवली. काजलनं उत्तरपत्रिका सरळ केली, समास आखला, आपल्या सुरेख अक्षरात बैठक क्रमांक लिहिला. प्रेरणानं पहिला प्रश्न वाचला, मग दुसऱ्यांदा वाचला. उत्तर येत होतं. तरी तिचे ओठ हलले ते पुटपुटल्यासारखे, स्वतःशीच.

काजलनं पेन थांबवलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"आता तरी मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "मले लिहायचं हाय."